ब्रेक पॅडल कडक येते, पण मधूनमधूनच: बूस्टर बदलू की आधी व्हॅक्यूम पाहू?

दारव्हा_रोड

राम राम मंडळी.

नऊ सीटर डिझेल गाडी, २०१२ चे मॉडेल, १ लाख ९० हजार किमी. ब्रेकचे व्हॅक्यूम अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेल्या पंपातून येते. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही.

सकाळी गाडी सुरू केली की पॅडल बरोबर लागते. मोकळ्या रस्त्यावर एकदा-दोनदा ब्रेक मारला तर काही जाणवत नाही. पण बाजाराच्या गर्दीत, किंवा जिनिंगच्या गेटसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत लागोपाठ ब्रेक दाबावा लागला की चौथ्या-पाचव्या वेळी पॅडल लाकडासारखे कडक. पूर्ण जोर लावला तर गाडी थांबते, तीही उशिरा. पाय उचलून अर्धा मिनिट थांबलो की परत नरम. इंजिन तापल्यावर हे जास्त होते. रेस थोडी वाढवली की लवकर सुधारते.

पॅडलची उंची नेहमीसारखी आहे, खाली बसत नाही. ब्रेक ऑइलची पातळी कमी होत नाही. पॅड आणि लायनर ६ हजार किमीपूर्वी नवीन टाकले. दोन महिन्यांआधी अल्टरनेटर उतरवून बेअरिंग बदलले होते, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत हा त्रास सुरू झाला. आयडलवर (रेस न देता इंजिन नुसते चालू असताना) हेडलाइट लावला की चार्जिंगचा लाल दिवा अगदी मंद लुकलुकतो. याचा ब्रेकशी संबंध आहे का, माहीत नाही.

गॅरेजमध्ये 'बूस्टर गेला, बदलून टाका' असे सांगितले. मागवण्याआधी घरी काय तपासता येईल? पाने, जॅक, मल्टिमीटर आहे. व्हॅक्यूम गेज नाही.

---

डिझेल_अन्_डायनामो

भाऊ, बूस्टर अजून मागवू नका. तुम्ही जे लिहिले त्यातल्या चार गोष्टी बूस्टरच्या बिघाडाशी जुळत नाहीत, व्हॅक्यूम कमी पडण्याशी जुळतात: चौथ्या दाबाला कडक होणे, थांबले की परत नरम होणे, रेस दिली की लवकर सुधारणे आणि चार्जिंगचा दिवा. दिव्याचा संबंध आहेच. तुमच्या गाडीत एकच पट्टा अल्टरनेटर फिरवतो आणि त्याच शाफ्टवर व्हॅक्यूम पंप आहे. पट्टा घसरला तर वीज आणि ब्रेक, दोन्ही एकाच वेळी कमजोर होतात.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा डबा आणि त्याच्या आत रबरी पडदा. पाय वर असताना पडद्याच्या दोन्ही अंगांना व्हॅक्यूम असते. पॅडल दाबले की मागच्या अंगाला बाहेरची हवा घुसते, पुढच्या अंगाला व्हॅक्यूम तसेच राहते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पडद्याला मास्टर सिलिंडरकडे (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर) ढकलतो. नऊ इंची बूस्टर धरला तर पडद्याचे क्षेत्रफळ साधारण ४१० चौरस सेंटिमीटर होते. ५०० मिमी (पाऱ्याचे मिमी) व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.६८ किलो. गुणाकार केला तर २८० किलोच्या आसपास मदत मिळते. प्रत्यक्षात थोडी कमी, कारण मधला दांडा आणि स्प्रिंग त्यातले काही खातात. व्हॅक्यूम २५० वर आले की मदत निम्मी. तुमचे पाय कमजोर झालेले नसतात, ही मदत गेलेली असते.

प्रत्येक वेळी पॅडल सोडले की आत घुसलेली हवा पंपाला ओढून काढावी लागते. डब्यातला साठा दोन-तीन दाबांपुरताच. त्या वेगाने पंप हवा काढू शकला नाही तर चौथा दाब कडक येणारच, मग बूस्टर अगदी कोरा असला तरी.

आधी बिनागेजच्या तीन तपासण्या करा. सपाट जागा, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड.

पहिली. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, साठा संपून ते कडक होईल. मध्यम जोराने दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पायाखाली पॅडल आपोआप थोडे खाली सरकले पाहिजे. अजिबात हलले नाही तर एकतर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर काम करत नाही.

दुसरी. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा. दहा मिनिटांनी पॅडल दाबा. पहिला दाब खोल, दुसरा जरा वर, तिसरा आणखी वर लागला पाहिजे. पहिलाच दाब कडक असेल तर साठा कुठेतरी गळतो: वन-वे व्हॉल्व्ह (पाइपमधला, हवा फक्त पंपाकडे जाऊ देणारा), तो ज्या रबरी ग्रोमेटमध्ये बसतो ते, किंवा बूस्टर स्वतः.

तिसरी. इंजिन चालू असताना पॅडल दाबून धरा, पाय न हलवता इंजिन बंद करा आणि ३० सेकंद मोजा. पॅडल पायाला वर लोटू लागले तर बूस्टरच्या आत गळती आहे. पॅडलच्या मुळाशी सतत 'सूऽऽ' असा आवाज येत असेल तरी तेच. पॅडल दाबताना क्षणभर आवाज येणे मात्र बरोबर आहे, ती आत जाणारी हवा असते.

आता गेज. तालुक्याच्या गावी फ्रिज-एसीचे काम करणारा कोणी असेलच. त्याच्याकडे दोन काट्यांचा सेट असतो. निळा काटा शून्याच्या खाली ३० इंचांपर्यंत व्हॅक्यूम दाखवतो. तासाभरासाठी मागून आणा, वेगळा गेज विकत घ्यायची गरज नाही. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणजे २० इंच झाले ५०८ मिमी.

तीन ठिकाणचे आकडे घ्या, आणि इथे घाई करू नका, कारण इथेच बहुतेक लोक फसतात.

आधी पंपाच्या तोंडाला थेट गेज लावा आणि आयडलवर काटा कुठे थांबतो ते लिहून घ्या. चांगला डिझेल पंप २४ इंचांच्या पुढे जातो. २० च्या खालीच अडकला तर पंप किंवा त्याचा पट्टा.

मग बूस्टरजवळ टी-जॉइंट (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज जोडा, बूस्टरही जोडलेला ठेवा. इंजिन बंद असताना पॅडल दाबून साठा शून्य करा. इंजिन सुरू करा आणि काटा २० इंचांवर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. हे थंड इंजिनवर एकदा आणि चांगले तापल्यावर एकदा.

नुसता शेवटचा आकडा पाहून 'व्हॅक्यूम बरोबर आहे' म्हणू नका. पाइप आतून चोक असेल आणि गळती नसेल, तर काटा हळूहळू का होईना, पूर्ण आकड्यावर जातोच. चोक पाइप आकडा बिघडवत नाही, वेळ बिघडवतो. आणि गर्दीत ब्रेक दाबताना तुम्हाला लागतो तो वेळच.

---

परतवाडा_घाट

वरच्या भावानं बरोबर लिवलं. मी फक्त गाडी चालवतानीचं सांगतो, कारण तपासनी होईपर्यंत गाडी तर रस्त्यावर जाईनच.

पॅडल कडक झालं तर पंप मारू नका. घाबरून लोकं पॅडल परत परत दाबतात, अन् डब्यात जेवढा व्हॅक्यूम उरला तेवढाही संपवतात. कडक पॅडलवर एकच दाब, दोन्ही पायांनी, पाठ सीटले टेकवून, अन् सोडायचा नाही. पंप मारायचा तो पॅडल खाली बसते तेव्हा, म्हंजे हवा किंवा ऑइलची गळती असन तेव्हा. हे दोन रोग उलटे आहेत अन् त्याइचा इलाजही उलटा आहे.

संगत गियर खाली आना, तिसऱ्यातून दुसऱ्यात. हँडब्रेक बटन दाबून धरून थोडा थोडा ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होतात. चिखलदऱ्याहून खाली उतरतानी इंजिन बंद करून गाडी सोडनारे अजूनही दिसतात. इंजिन बंद म्हंजे पंप बंद, दोन-तीन दाबांनंतर ब्रेक कडक, पॉवर स्टेअरिंग असन तर तेही जड. डिझेल तरी काय वाचते? डिझेलच्या नव्या कॉमन रेल गाडीत गियरमधे उतरतानी अ‍ॅक्सिलेटर सोडला की इंजेक्शन आपोआप बंद राहते.

अन् हे दुरुस्त होईपर्यंत मानसं भरून गाडी घाटात नेऊ नका. हात जोडून सांगतो.

---

आर्वी_स्पेअर्स

बूस्टर निर्दोषच असेल असे धरून चालू नका. एक प्रकार मी वेगळा लिहितो, कारण तो वरून दिसत नाही.

मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले तर ब्रेक ऑइल बाहेर न सांडता सरळ बूस्टरच्या डब्यात उतरते. खाली जमिनीवर डाग नाही, चाकाला ओल नाही, पण ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी महिन्याला थोडी थोडी कमी होते. तुमची पातळी कमी होत नाही म्हणता, त्यामुळे शक्यता कमी, तरी पाहायला दहा मिनिटे लागतात. मास्टरचे दोन नट सोडा, पाइप न उघडता मास्टर दोन-तीन सेंटिमीटर पुढे ओढा आणि मध्ये टॉर्च मारा. पाइपांवर ताण येऊ देऊ नका. बूस्टरच्या तोंडाशी ओलसर दिसले, रंग फुगून उचललेला दिसला, तर मास्टर आणि बूस्टर दोन्ही गेले समजा. नुसता बूस्टर बदलला आणि मास्टर तसाच ठेवला तर नवीन बूस्टरही त्याच वाटेने जाईल.

दुसरी गोष्ट डिझेलवाल्यांसाठी. पंपाला इंजिन ऑइल लागते, त्या ऑइलनेच आतल्या पात्या फिरतात आणि सील होतात. व्हॅक्यूमचा पाइप काढून आत बोट फिरवा. हलका तेलकट हात आला तर ठीक. थेंब पडत असतील तर वन-वे व्हॉल्व्ह नीट अडवत नाही आणि इंजिन बंद झाल्यावर ऑइल बूस्टरकडे ओढले जाते. डिझेल इंजिनचे ऑइल बूस्टरच्या पडद्याला मारक आहे. तेव्हा आधी व्हॉल्व्ह, मग बाकी.

आणि कोणी 'बूस्टर खोलून रिपेअर करून देतो' म्हणाले तर नको म्हणा. डब्याची कड कारखान्यात दाबून बंद केलेली असते. ठोकून उघडलेली आणि ठोकून लावलेली कड किती दिवस हवा धरेल याची कोणीच हमी देऊ शकत नाही. ही रेडिओची दुरुस्ती नाही.

---

सीएनजी_वर्धा

पेट्रोलवाल्यांसाठी थोडे जोडतो, कारण शोधत शोधत इथे पेट्रोलवालेही येतील.

पेट्रोल इंजिनला बहुतेक वेळा वेगळा पंप नसतो, व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) येते. तापलेल्या चांगल्या इंजिनवर आयडलला १७ ते २१ इंच मिळते. आपला भाग समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटर उंच, म्हणून साधारण एक इंच कमी धरा. चिखलदऱ्याला अकराशे मीटरवर तीन-साडेतीन इंच कमी दिसले तर गाडीत दोष शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त सापडणारी कारणे: मॅनिफोल्डच्या ज्या नळीवर पाइप बसतो तिच्यात कार्बन, पाइप वळणावर चिरलेला, आणि सीएनजी किट बसवताना बूस्टरच्याच पाइपला चाकू लावून टाकलेला टी-जॉइंट. तो टी काढा. किटला व्हॅक्यूमची जोडणी हवी असेल तर मॅनिफोल्डवर स्वतंत्र जागेवरून घ्या, ब्रेकच्या पाइपला हात नाही लावायचा.

गळती शोधायची सोपी युक्ती: आयडलवर बूस्टरचा पाइप बूस्टरजवळ कापड गुंडाळून पकडीने दाबून बंद करा. इंजिनचा आवाज बदलला, आयडल सुधारला, तर हवा बूस्टर किंवा त्याच्या ग्रोमेटमधून शिरत होती. गळती शोधायला इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारणारे आहेत, तापल्या इंजिनवर ते आग लावते. साबणाचे पाणी व्हॅक्यूमच्या गळतीला फारसे उपयोगी नाही, कारण फुगा बाहेर येत नाही, आत ओढला जातो.

घरात सोयाबीन-कापूस साठवला आहे आणि गाडी शेजारी उभी असते, त्यांनी पाइप पूर्ण लांबीभर हाताने चाचपावा. उंदीर खालच्या अंगाने कुरतडतो, वरून पाइप सुरेख दिसतो.

---

दारव्हा_रोड

सगळ्यांचे आभार. तपासणी केली, आकडे देतो.

पहिली तपासणी: पॅडल खाली सरकले. दुसरी: रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन न लावता दाबले, दोन दाब नरम, तिसरा कडक. तिसरी: ३० सेकंदांत पॅडल वर आले नाही. मास्टर पुढे ओढून पाहिले, आत कोरडे.

फ्रिजवाल्याचा काटा आणला. पंपाच्या तोंडावर २५ इंच. बूस्टरजवळ टी लावून २० इंचांपर्यंत: थंड इंजिनवर ११ सेकंद, तापल्यावर ४२ सेकंद. दोन्ही वेळा शेवटी काटा २५ वरच गेला.

पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर २० मिमी आत जातो. अल्टरनेटर उतरवताना व्हॅक्यूमचा पाइप तुटला होता, त्या जागी साधा काळा रबरी पाइप टाकलेला आहे. तो गरम इंजिनवर वळणाच्या जागी हाताला चपटा लागतो.

---

डिझेल_अन्_डायनामो

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. बूस्टर धरतो, सोडत नाही. पंप २५ पर्यंत नेतो. मधला पाइप तापला की स्वतःच्याच व्हॅक्यूमने आत बसतो, आणि ढिला पट्टा पंपाला आयडलवर पूर्ण फेरे देत नाही.

पाइप असा घ्या: ब्रेक व्हॅक्यूमसाठीचाच, भिंतीत धाग्याचे विणकाम असलेला, तेल सोसणारा. आतले माप पाइप ज्या नळीवर चढतो तिच्या बाहेरच्या मापाशी जुळले पाहिजे. जुना तुकडा दुकानात सोबत न्या किंवा व्हर्निअरने नळी मोजा. डिझेलचा मऊ पाइप, गॅसचा पाइप, पाण्याचा पाइप नको. त्यांतले काही आतून दाब सोसायला बनवलेले असतात, पण बाहेरून दबणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि व्हॅक्यूममध्ये पाइप बाहेरून दबतो. दुकानात तुकडा हातात घेऊन टोकाला अंगठ्याने बंद करा आणि वळवून पाहा. वळणावर लगेच मोडत असेल तर परत द्या.

लांबी जुन्या मूळ पाइपाइतकी. कमी केली तर इंजिन हलते तेव्हा ओढला जातो, जास्त ठेवली तर वळण पडते. एक्झॉस्ट आणि टर्बोपासून दूर बांधा. टोकांना क्लॅम्प लावा, तार गुंडाळू नका, तार रबर कापते.

पट्टा अंगठ्याच्या चांगल्या जोराने दाबल्यावर १० मिमीच्या आसपास आत गेला पाहिजे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. आधी पट्टा उलटून पाहा: आतल्या अंगाला काचेसारखी चकाकी, आडव्या चिरा, तेलाचा ओलावा असेल तर ताणून फायदा नाही, नवीन टाका. फार ताणलात तर तेच नवीन बेअरिंग पुन्हा ओरडू लागेल. नवीन पट्टा पाच-सातशे किलोमीटर चालल्यावर एकदा परत तपासा, तो थोडा सैल होतो. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त, त्यात पांदण रस्त्यावरची काळ्या मातीची धूळ. आपल्याकडे पट्टा आणि रबर पुस्तकात लिहिले त्याच्या आधीच तपासावे लागते.

अल्टरनेटर उतरवलाच होता म्हणून आणखी दोन जागा पाहून घ्या. पंपाला ऑइल देणाऱ्या बारीक पाइपच्या बोल्टवर दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. जुनेच परत लावले असतील तर तिथून झिरपते. नवीन टाका. आणि ऑइल परत सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीत) नेणारा जाड रबरी पाइप मुरगळलेला नाही ना, ते हाताने चाचपा. तो अडला तर ऑइल पंपात साचते, सील फोडून अल्टरनेटरच्या गुंडाळीत जाते आणि मग चार्जिंगही जाते.

पंपाच्या तोंडावरच तुम्हाला कमी आकडा आला असता तर पंप खोलावा लागला असता. आत रोटर, पात्या आणि मोठी ओ-रिंग. पात्या झिजल्या, रोटरच्या खाचेत अडकल्या किंवा उलट्या बसल्या की आकडा मिळत नाही. पातीची गोल कड बाहेर, पंपाच्या घराच्या (बाहेरच्या कवचाच्या) भिंतीकडे. घरात खोल चरे पडले असतील तर नवीन पात्या टाकून काही होत नाही, पंप पूर्ण बदला. बसवताना ऑइल भरून हाताने फिरवा, कोरडा चालवू नका.

एक विनंती: आधी फक्त पट्टा ताणा, तापल्या इंजिनवर सेकंद मोजा. मग पाइप बदला, परत मोजा. दोन्ही एकदम केले तर कशाने किती फरक पडला ते कळणार नाही.

---

यवतमाळ_एमएच२९

आयडल दीडशे-दोनशे फेऱ्यांनी वाढवून घेतला तरी ब्रेक नरम होतो ना? आमच्याकडे तसेच करून देतात.

---

डिझेल_अन्_डायनामो

होतो, आणि म्हणूनच ते वाईट. दोष झाकला जातो. पाइप आणखी बसत जातो, आणि एक दिवस गाडी भरलेली असताना तो पूर्ण बंद होतो. आयडल पुस्तकातल्या आकड्यावरच ठेवा.

ज्या डिझेल गाड्यांत टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर (टर्बोला कमी-जास्त करणारा दांडा) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) व्हॅक्यूमवर चालतो, त्यांनी त्या बारीक नळ्याही पाहाव्यात. त्या याच पंपातून फुटतात. एक नळी सुटली तर गाडीचा पिकअप आणि ब्रेक दोन्ही एकदम उतरतात. बारीक नळ्या टी-जॉइंटजवळ एकेक करून बंद करा आणि गेज पाहा, जी बंद केल्यावर काटा चढला तीच गळकी.

---

लायनर_पॅड_कॅलिपर

व्हॅक्यूम पूर्ण आहे, तिन्ही तपासण्या पास, तरी 'पॅडल कडक आणि गाडी थांबत नाही' अशी तक्रार असेल तर चाकांकडे या. दारव्हा रोडच्या गाडीत हे दिसत नाही, पण प्रश्नाचे नाव तेच असल्याने लिहितो.

कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना चिखलाने जाम होतात. पावसाळ्यात काळी माती रबरी टोपीतून आत शिरते, वाळून सिमेंट होते. मग एकच पॅड दाबतो, दुसरा नुसता बसून राहतो. ओळखायचे कसे? एकाच कॅलिपरचे दोन पॅड काढून शेजारी ठेवा. जाडीत दोन-तीन मिमीचा फरक असेल तर पिन किंवा दट्ट्या अडकलेला. पिना काढून पॉलिश पेपरने पुसा, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस लावू नका, ते टोपीचे रबर फुगवते.

पॅड चकाकून काचेसारखे झाले की पायाला जोर लागतो आणि डिस्क पकडत नाही. घाटात लांबवर ब्रेकवर पाय ठेवून उतरल्याने होते. वरचा थर पॉलिश पेपरने खरवडला तर तात्पुरता फरक पडतो, पण जळाल्याचा वास येऊन गेलेले पॅड बदलाच. पॅड, लायनरची धूळ हवेने उडवू नका, ओल्या कपड्याने पुसा, छातीत जाते.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचे ऑइल. खनिज तेल लागले की ब्रेकमधले रबर फुगते. पॅडल कडक होते, दाबलेले परत येत नाही, चाके तापतात. पहिली खूण म्हणजे डबीच्या झाकणातले रबर फुगून बसेनासे होते. शंका असेल तर डबीतले थोडे ऑइल काचेच्या ग्लासात पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळते, खनिज तेल वर तरंगते. तरंगले तर नुसते ऑइल बदलून भागत नाही: मास्टरचे किट, चारही चाकांचे सील, रबरी होज सगळे नवीन आणि लोखंडी पाइप धुऊन काढावे लागतात. खर्च मोठा आहे, पण यात अर्धे काम चालत नाही.

---

आर्वी_स्पेअर्स

आणि कोणाचा बूस्टर खरोखर गेलाच असेल, तर बसवतानाची एक जागा जपा. बूस्टरमधून मास्टरकडे येणाऱ्या दांड्याची लांबी. नवीन बूस्टर त्याच नंबरचा असला तरी दांडा मोजून जुन्याशी ताडा. दांडा थोडा लांब असला तर मास्टरचा दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतीचे भोक बंद राहते, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर ब्रेक आपोआप धरू लागतात, चाके भाजतात. आखूड असला तर पॅडल बरेच खाली जाऊन मग लागते. आत पॅडलच्या पिनेची क्लिप नवीन टाका, जुनी वाकवून परत घालू नका. ती पिन निसटली तर ब्रेकच राहत नाही.

मास्टरचे पाइप उघडावे लागले तर हवा काढा. आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाड्यांत सर्वसाधारणपणे मागचे डावे चाक मास्टरपासून सर्वात लांब, तिथून सुरुवात. तिरप्या सर्किटच्या (पुढचे एक आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक एकाच लाइनवर असलेल्या) गाड्यांत क्रम वेगळा असतो, पुस्तक पाहा. डबीच्या झाकणावर लिहिलेलेच ब्रेक ऑइल, डॉट ३ किंवा डॉट ४, वापरा, डॉट ५ नाही. उघडून ठेवलेला जुना डबा वापरू नका, ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते. रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाणी ओता.

---

दारव्हा_रोड

सांगितल्याप्रमाणे एकेक करून केले.

पट्ट्याला चकाकी होती, नवीन टाकला, १० मिमीवर ठेवला. तापल्या इंजिनवर २० इंचांपर्यंत ४२ चे ३३ सेकंद झाले. चार्जिंगचा दिवा पूर्ण विझला. नंतर विणकामाचा व्हॅक्यूम पाइप टाकला, दोन्ही टोकांना क्लॅम्प. तापल्यावर ९ सेकंद. लागोपाठ आठ वेळा पॅडल दाबले, एकदाही कडक आले नाही. काढलेला पाइप उभा चिरून पाहिला: वळणावर आतल्या भिंती एकमेकींना चिकटून चकचकीत झाल्या होत्या. बाहेरून एक चीर नाही.

ऑइलच्या पाइपचे तांब्याचे वायसर नवीन टाकले, परतीचा पाइप मोकळा आहे. वन-वे व्हॉल्व्ह अजून जुनाच, रात्रभर साठा धरतो. तो बदलू का?

---

डिझेल_अन्_डायनामो

रात्रभर धरतो म्हणजे चांगला आहे, पण काढून एकदा तोंडाने फुंकून पाहा. बूस्टरच्या बाजूने फुंकले तर हवा जायला हवी, पंपाच्या बाजूने फुंकले तर थेंबभरही नाही. आत तेलाचा चिकट थर असेल किंवा प्लास्टिक पिवळे पडून ठिसूळ झाले असेल तर ग्रोमेटसकट बदला. ग्रोमेट कोरडे ओढू नका, थोडे साबणाचे पाणी लावून फिरवत काढा, नाहीतर तुटून तुकडा बूस्टरच्या आत पडतो. लावताना व्हॉल्व्हवरचा बाण पंपाकडे.